जावावरून वरुणा

म्हैसूरचा दसरा आटोपला, की शरदाच्या कोवळ्या उन्हात मित्रासोबत मोटारसायकलवर निघावे. टी. नरसीपूरच्या रस्त्यावर थोड्याच वेळात वरुणा गाव आणि तळे लागते. पुढे कावेरी-कपिलेचा संगम.

या रस्त्यावर शोभते ती म्हैसूरचीच जावा किंवा येझदी! १९६१ साली सुरू झालेला इथला आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. कामगारांचे काम गेले. गाड्या मात्र हौशी मंडळींनी आणि जुन्या मेकॅनिकांनी जपल्या. किक आणि गिअरचा दांडा एकच, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे. अशा गाडीला घाई चालत नाही. म्हणून दोघांनी दोन गाड्या घ्याव्यात. एक रुसली, तर प्लग पुसायला दुसरा असतो. तोवर तळ्याकाठी घटकाभर गप्पाही होतात.