गाडीचे ऑइल घरीच बदला, पण जपून

आपल्या सोलापुरात पिकअप ही आता केवळ ट्रान्सपोर्टवाल्यांची गाडी राहिलेली नाही. अक्कलकोट रोड एम.आय.डी.सी.तील टॉवेल व चादरींचे गठ्ठे, मार्केट यार्डातील कांदा, बागवान बांधवांची डाळिंबे व केळी, गाद्या-उशांचा कापूस, वेल्डिंगवाल्याची ग्रिले, मंडपवाल्याच्या खुर्च्या अशी सारी वाहतूक याच गाड्यांवर होते. आपल्या समाजातील अनेक घरांची चूल एका पिकअपवर पेटते आणि त्या पिकअपवर बहुधा बँकेचे नाहीतर फायनान्सचे कर्जही असते. अशा गाडीचे इंजिन जाम झाले तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय गाडी उभी राहते, भाडी हातची जातात आणि हप्ता मात्र थांबत नाही. हे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर ऑइल व फिल्टर बदलणे. हे काम मालकाला अगर ड्रायव्हरला स्वतः करता येते. ते कसे करावे, याची माहिती या अंकात देत आहोत.

ऑइल का बदलावे?

इंजिनात धातूवर धातू घासू नये म्हणून ऑइलचा पातळ थर मध्ये असतो. ऑइल उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस आपल्यात धरून ठेवते. मोठे कण फिल्टर अडवतो. मात्र ऑइलची ताकद हळूहळू संपते आणि फिल्टरही भरतो. फिल्टर पूर्ण तुंबला तर त्यातील बायपास झडप उघडते. मग न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगपर्यंत जाते. गाडी चालत राहते, पण आतून झिजत असते.

डिझेल गाडीचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते. ते काजळीमुळे. म्हणून रंगावरून निर्णय घेऊ नये. कंपनीच्या पुस्तकात किती किलोमीटर अगर किती महिने दिले आहेत ते पाहावे आणि जे आधी येईल ते धरावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, रस्त्यावर धूळ असते, गाडी भरून चालते आणि गल्लीबोळात वारंवार थांबते. पुस्तकात अशा कडक वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. आपल्याला तीच लागू आहे. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धावणारी गाडी दहा हजारांचा टप्पा चार महिन्यांत गाठते, म्हणजे वर्षाला तीन वेळा हे काम येणार. त्याचा हिशेब आधीच धरून ठेवावा.

ऑइल कोणते घ्यावे?

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर दुसरा इंजिन तापल्यावर ते किती घट्ट राहते ते सांगतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा व जी प्रत लिहिली आहे तीच घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डी.पी.एफ. बसवलेला आहे, त्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. जुन्या गाडीचे स्वस्त ऑइल त्यात घातले तर ती राख डी.पी.एफ.मध्ये साचते आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम घरी न करता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करावे व पावत्या जपून ठेवाव्यात.

सामान

योग्य ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन नटाचा नवा वायसर, नटाच्या मापाचा रिंग पाना, फिल्टर सोडवण्याचा पट्टा, सारे ऑइल मावेल एवढी पसरट घमेली, नरसाळे, रबरी हातमोजे व स्वच्छ चिंध्या एवढे सामान पुरे. पकडीने नट सोडवू नये. त्याचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तो कोणत्याच पान्याला दाद देत नाही.

काम कसे करावे?

गाडी पाच मिनिटे चालू ठेवून बंद करावी. कोमट ऑइल घाण घेऊन लवकर उतरते. मात्र उकळते ऑइल हातावर घेऊ नये. दहा मिनिटे थांबावे. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये टाकावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि चावी आपल्याच खिशात ठेवावी. पिकअप उंच असते, त्यामुळे बहुतेक वेळा जॅकची गरज पडत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये.

वरचे ऑइलचे झाकण उघडावे. चेंबरखाली घमेली ठेवून नट सैल करावा व शेवटचे आटे हाताने सोडवावेत. पंधरा मिनिटे ऑइल निथळू द्यावे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. चकाकणारे धातूचे तुकडे दिसले तर बेअरिंगची झीज असू शकते. अशा वेळी नवे ऑइल घालून गाडी रेटू नये, मिस्त्रीला दाखवावी. सर्व ठीक असेल तर नवा वायसर घालून नट आधी हाताने बसवावा, मग पान्याने बेताने आवळावा. अंगात जोर आहे म्हणून आवळत गेल्यास चेंबरचे आटे जातात.

नंतर फिल्टर सोडवावा. त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबर निघाली की नाही हे डोळ्यांनी पाहावे. इंजिनची बैठक पुसून घ्यावी. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने नवे ऑइल लावावे. रिंग टेकली की सहसा हातानेच पाऊण फेरा पुढे आवळावा. नेमके माप फिल्टरच्या खोक्यावर दिलेले असते. काही गाड्यांत डब्याऐवजी नुसता कागदी फिल्टर कपाच्या आत असतो. तेथे झाकणाची ओ-रिंग बदलावी.

पुस्तकातील मापापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल भरावे. गाडी चालू करावी, पण रेस देऊ नये. ऑइलचा तांबडा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दोन मिनिटांनी गाडी बंद करून खाली गळती आहे का ते पाहावे. पाच मिनिटांनी पट्टी पुसून माप घ्यावे आणि दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ येईल इतके ऑइल थोडेथोडे वाढवावे. वरची खूण ओलांडू नये. जादा ऑइल क्रँकच्या फेऱ्यात घुसळून फेसाळते व सील फोडून बाहेर येते. शेवटी तारीख व किलोमीटर कागदावर लिहून तो दाराच्या आत चिकटवावा.

आमची चूक

रिंगेबद्दल एवढे सांगण्याचे कारण आमच्याच घरचे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही घाईत, संध्याकाळच्या अंधारात फिल्टर बदलला. पहाटे धाकटा भाऊ टॉवेलचे गठ्ठे घेऊन भिवंडीकडे निघाला. मोहोळ ओलांडल्यावर तांबडा दिवा लागला. पेट्रोल पंप समोर दिसत होता, पण भावाने आहे तेथेच कडेला घेऊन इंजिन बंद केले. तांबडा दिवा लागला की पंपापर्यंतही जायचे नाही, ही आमच्या जुन्या मिस्त्रीची शिकवण होती. मिस्त्री सोलापुरातून आले, खाली पाहिले आणि एवढेच बोलले, "जुनी रिंग निकली क्या, देखे नै?" जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर आम्ही नवी आवळली होती. गाडी तापल्यावर दोन रिंगांमधून ऑइल बाहेर फेकले गेले. एक फिल्टर व डबाभर ऑइलवर भागले. भाऊ पंपापर्यंत गेला असता तर इंजिन उतरवावे लागले असते. तेव्हापासून आम्ही जुनी रिंग हातात घेतल्याशिवाय नवा फिल्टर उचलत नाही.

रिकामा डबा व जळके ऑइल

कंपनीचे लेबल शाबूत असलेला रिकामा डबा भेसळ करणाऱ्याच्या हाती पडला की त्यात गाळलेले जुने ऑइल भरून तो पुन्हा विकला जाऊ शकतो. म्हणून डबा कापून मगच भंगारात द्यावा. भंगाराच्या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. त्यांनीही अखंड डबे जादा भावाने मागणाऱ्या गिऱ्हाइकापासून दूर राहावे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कडक ताकीद आहे. खोटा माल खरा म्हणून देणे त्याहून लहान गुन्हा कसा मानावा?

जळके ऑइल गटारात ओतू नये. पाण्याची ओढ काय असते हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकण्यात आली आहे. घरचे ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, अशा संस्थेला माल देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे. सेंटरिंगच्या प्लेटांना अगर लाकडाला ते हाताने फासण्याची चाल सोडावी. वर्षानुवर्षे त्वचेला लागल्यास त्यातून कर्करोगाचा धोका आहे. रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानाचा भाग आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग रस्त्यावर ऑइल सांडणे कोणत्या खात्यात जाईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मिस्त्रीची जागा

हा लेख मिस्त्रीच्या पोटावर पाय देण्यासाठी नाही. पंप, इंजेक्टर, क्लच, ब्रेक ही कामे त्यांचीच आहेत, आणि मोहोळला धावून आले तेही मिस्त्रीच. पहिल्या वेळी ऑइल त्यांच्या देखरेखीखाली बदलावे व त्यांची मजुरी आनंदाने द्यावी. घरातील मुलाला या कामाची गोडी लागली तर त्याला नुसते गॅरेजवर न बसवता दहावीनंतर आय.टी.आय.च्या 'मेकॅनिक डिझेल' या एक वर्षाच्या कोर्सला घालावे. हाताला कसब व कसबाला प्रमाणपत्र असेल तर हलाल रोजीची वाट रुंद होते.

गाडी आपली रोजी ओढते. तिच्यासाठी चार महिन्यांतून एक सकाळ काढणे जड जाऊ नये.