हस्तनिर्मित प्रतिकृती लोहमार्ग

कारखान्यात तयार झालेले तुकडे न जोडता, लाकडी स्लीपर आणि सुटे रूळ यांपासून हाताने बांधलेल्या प्रतिकृती रेल्वेच्या मार्गास हस्तनिर्मित प्रतिकृती लोहमार्ग म्हणतात. अमेरिकी धाटणीच्या प्रतिकृतींत ही पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. भारतीय ब्रॉडगेज मार्गाची अचूक प्रतिकृती करू पाहणाऱ्यास मात्र ती केवळ आवडीची बाब राहत नाही. बहुधा दुसरा उपायच नसतो.

मापाचा प्रश्न

एचओ या प्रचलित प्रमाणात प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे १/८७ असते. अमेरिकेतील दोन रुळांमधील १४३५ मिमी अंतर या प्रमाणात १६.५ मिमी होते व बाजारातील रूळ आणि चाके याच मापाची असतात. १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या अमेरिकी संस्थेची मानके त्यासाठी वापरली जातात. भारतीय ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिमी आहे. देवळाली प्रवरा ज्या राहुरी तालुक्यात आहे, त्या तालुक्यातून जाणारा दौंड–मनमाड मार्ग याच मापाचा आहे. त्याच्या प्रतिकृतीत हे अंतर सुमारे १९.२५ मिमी हवे. पावणेतीन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण १६.५ मिमीच्या रुळांवरील भारतीय डबा समोरून पाहिला की चाके आत ओढल्यासारखी दिसतात.

प्रतिकृतीच्या रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. '७०' क्रमांकाचा रूळ १.७८ मिमी उंच असतो. त्याची ८७ पट सुमारे १५५ मिमी, आणि भारतातील ५२ किलोचा रूळ १५६ मिमी उंच! हा योगायोग सोयीचा आहे. स्लीपरचे तसे नाही. अमेरिकेत लाकडी स्लीपर साधारण ५० सेंमीवर, तर भारतात सुमारे ६० सेंमीवर बसवतात. त्यामुळे अमेरिकी आराखडा जसाच्या तसा उचलता येत नाही.

बांधणी

लाकडी पट्ट्या फळीवर चिकटवून, वरून घासून सपाट करतात. त्यांवर रूळ ठेवून बारीक खिळ्यांनी पकडतात. दुसऱ्या पद्धतीत मधूनमधून तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या घालून रूळ डाखाने जोडतात. या पट्ट्यांवरील तांबे मध्ये कानशीने तोडावे लागते, अन्यथा दोन्ही रूळ विजेने जोडले जातात. अंतर राखण्यासाठी धातूचे मापक लागते, १९.२५ मिमीचे मापक लेथवर कातून घेणे उत्तम. गाड्यांची चाकेही त्याच मापाला आणावी लागतात. पुष्कळ छांदिष्ट येथेच थांबतात.

सांधा

गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यात खरे कसब आहे. त्याचे सरकते रूळ टोकाशी कानशीने घासून इतके पातळ करतात की ते स्थिर रुळाला बिलगून बसावेत. पुढे दोन रूळ एकमेकांना छेदतात तेथे चाकाच्या कडेसाठी सुमारे सव्वा मिलिमीटरची फट ठेवतात. समोरच्या बाजूचा रक्षक रूळ चाकाला चुकीच्या फटीत शिरू देत नाही. भारतात १:८.५ आणि १:१२ हे सांधे सर्रास आढळतात. १:१२ म्हणजे बारा एकक पुढे जाताना एक एकक बाजूला. एचओमध्येही असा सांधा जवळजवळ अर्धा मीटर जागा खातो, म्हणून घरगुती मांडणीत आखूड सांधे वापरतात.

छेदाच्या जागी उजवा व डावा रूळ, म्हणजेच विजेचे दोन ध्रुव, एकत्र येतात. तो भाग चारही बाजूंनी कापून वेगळा करतात आणि सांधा बदलताच त्याचा ध्रुवही बदलेल असा खटका जोडतात. हे जमले नाही तर गाडी नेमकी सांध्यावर अडते. विजेची जोडणी करण्याआधी एक सुटा डबा बोटाने दोन्ही दिशांनी ढकलून पाहावा. चाक कोठे अडखळते ते हाताला डोळ्यांआधी कळते.