सही कोणाची ते कळते, कागद कधीचा?

मी बेलपाड्यात राहतो. पनवेल तालुक्यातले हे गाव आता खारघरच्या इमारतींत मिसळले आहे. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, तो हा टापू. इथे कागदावरच्या सहीइतकीच तारीखही मोलाची.

तारखेची राखण जुनीच आहे. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे. त्यापुढे ओळ घुसडता येत नसे. 1908च्या नोंदणी कायद्याने दस्त सादर झाल्याचा दिवस आणि वेळ दस्तावरच लिहायला लावली, वहीतल्या नोंदींना सलग क्रमांक दिले. 812 आणि 813 यांच्या मध्ये मागाहून दस्त कुठे घालणार?

आज सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. सही कोणाच्या किल्लीने झाली आणि मजकूर नंतर बदलला का, एवढे ती स्वाक्षरी सांगते. वेळ मात्र सही करणाऱ्याच्याच संगणकातली असेल, तर ते घड्याळ मागे नेता येते. किल्ली चोरीला गेली, की चोरीआधीच्या खऱ्या सह्या आणि नंतरच्या खोट्या वेगळ्या काढायच्या कशा? त्यासाठी वेळेचा साक्षीदार त्रयस्थ हवा.

1991 साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी यावर तोड सुचवली. दस्तातून गणिताने एक छोटा ठसा काढायचा; अक्षर बदलले की ठसा बदलतो. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. मधली एक नोंद बदलली, की पुढची सगळी साखळी विसंगत होते. पुढे असे ठसे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापले जाऊ लागले. घरोघर गेलेला अंक कोण परत गोळा करणार?

तरी साक्षीदार एकच असला, तर तो बंद पडू शकतो किंवा फितूर होऊ शकतो. म्हणून साक्षीदार अनेक ठेवतात. निरोप कधी पोचेल याचा भरवसा नसलेल्या जाळ्यात एक फितूर पचवायला किमान चार यंत्रे लागतात. निर्णय तिघांच्या मताने होतो, म्हणजे एक गप्प राहिले तरी काम अडत नाही. आणि चारांतले कोणतेही दोन तिघांचे गट घ्या, निदान दोन यंत्रे दोन्हींत असतात. फितूर एकच, म्हणजे त्यांतले एक तरी प्रामाणिक. ते दोन परस्परविरोधी नोंदींना होकार देत नाही.

म्हणून डिजिटल कागद हाती आला, की सहीवर समाधान मानू नये. वेळ कोणाच्या घड्याळाची, आणि तिला साक्षीदार किती, हेही विचारावे.