परवाना हा जन्मसिद्ध हक्क नव्हे

धुळ्यास मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन महामार्ग एकत्र येतात. जळगावात तर महामार्ग भरवस्तीतूनच गेला आहे. अजिंठा चौक, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक ही नावे उच्चारताच ट्रक, रिक्षा, दुचाकी आणि पादचारी यांची एकच दाटी जळगावकराच्या डोळ्यांपुढे उभी राहते. अशा दाटीत एखाद्याचा धक्का एखाद्यास लागणारच. परंतु ‘कट का मारला?’ एवढ्या तीन शब्दांनी सुरू झालेली बाचाबाची हातघाईवर आणि हातघाई रुग्णालयाच्या दारापर्यंत जावी, हे मात्र अटळ नाही. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री पाळधी येथे हॉर्न वाजविण्यावरून निघालेला वाद दगडफेकीस आणि जाळपोळीस जाऊन भिडला, आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस त्या गावास संचारबंदीत काढावा लागला. त्यातील दोषादोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्हांस एवढेच दिसते की, रस्त्यावरचा क्रोध ही आता दोन व्यक्तींपुरती बाब राहिलेली नाही.

ह्या क्रोधास आमचा कायदा कोणती शिक्षा सांगतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षेचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत फाशी आहे, दंड आहे, नव्याने आलेली समाजसेवाही आहे. वाहन चालविण्यास मनाई मात्र नाही. साध्या दुखापतीस एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे भर रस्त्यात माणसास बडवून काढणारा मनुष्य दंड भरून न्यायालयाच्या पायऱ्या उतरतो आणि त्याच मोटारीत बसून घरी जातो!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २० ने न्यायालयास अपात्रतेचा अधिकार दिला आहे, हे खरे. परंतु तो अधिकार त्या कायद्याखालील अपराधांस, अथवा ज्या अपराधात मोटारीचा वापर झाला अशा अपराधांस लागू आहे. अंगावर गाडी घालणाऱ्यास तो लागू पडेल. गाडीतून उतरून लोखंडी सळई चालविणाऱ्याचे काय? त्याचा वकील म्हणणार की, मोटार तर कडेला उभी होती. कलम १९ खाली परवाना अधिकाऱ्यासही कारवाई करता येते. परंतु तेथे अपराध दखलपात्र असावा लागतो, आणि साधी दुखापत तर अदखलपात्र! १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम २१ मध्ये प्रवाशांना मारहाण हे परवाना गमावण्याचे एक कारण म्हणून नमूद आहे. दुसऱ्या वाहनचालकास किंवा पादचाऱ्यास केलेली मारहाण मात्र त्या यादीत नाही. प्रवाशाची पाठ ती पाठ, आणि पादचाऱ्याची ती नव्हे काय?

पतियाळा येथे डिसेंबर १९८८ मध्ये रस्त्यावरील अशाच भांडणात एका वृद्धाचा अंत झाला. त्या खटल्यात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांस सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एक हजार रुपये दंड केला आणि २०२२ साली फेरविचारात एक वर्षाची सक्तमजुरी दिली. शिक्षा निश्चित होण्यास तेहतीस वर्षे लागली, आणि तीत परवान्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडने २००० सालच्या कायद्याने कोणत्याही अपराधासाठी वाहनबंदी घालण्याची मुभा आपल्या न्यायालयांस दिली. जर्मनीने २०१७ साली हीच शिक्षा सर्व अपराधांस खुली करून तिची मर्यादा सहा महिन्यांपर्यंत नेली.

ह्यावर आक्षेप येईल तो पोटाचा. रावेर-यावलची केळी नासण्यापूर्वी बाजारात पोहोचविणाऱ्या ट्रकचालकाचा परवाना गेला, तर त्याची चूल विझेल. श्रीमंत मात्र पगारी चालक ठेवील. हा आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच बंदी सरसकट नसावी. जखमेचे स्वरूप, पूर्वीचे वर्तन आणि उपजीविका पाहून न्यायाधीशाने तिची मुदत ठरवावी. परंतु कैदेत गेलेल्याची चूलही पेटती राहत नाही, हे विसरून चालणार नाही. शिवाय ज्याच्या हाती दिवसभर दहा-वीस टनांचे वाहन असते, त्याच्या संयमाविषयी समाजाने अधिक दक्ष असावे, ह्यात अन्याय तो कोणता?

दुसरा आक्षेप असा की, बंदी झाली तरी लोक गाडी चालवितीलच. त्यास उत्तर कायद्यातच आहे. अपात्र असताना वाहन चालविणाऱ्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि परवान्यांच्या नोंदी आता संगणकावर असल्याने एका जिल्ह्यात रोखलेला परवाना दुसऱ्या जिल्ह्यात लपविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. उणीव आहे ती रस्त्यावर तपासणी करण्याच्या इच्छेची.

तेव्हा आमचे मागणे तीन गोष्टींपुरते आहे. केंद्र सरकारने नियम २१ मध्ये ‘रस्त्यावरील कोणाही व्यक्तीस मारहाण’ हे शब्द घालावेत. संसदेने कलम २० ची व्याप्ती वाहतुकीच्या वादातून घडलेल्या हिंसेपर्यंत वाढवावी. आणि तोवर, वाहनाचा वापर झालेल्या प्रत्येक प्रकरणात धुळे व जळगावच्या पोलिसांनी तो दोषारोपपत्रात स्पष्ट नोंदवावा व सरकारी वकिलांनी अपात्रतेची मागणी करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोटार हाकण्याचा परवाना सरकार देते ते डोळे, हात आणि वाहतुकीच्या खुणांचे ज्ञान पारखून. ज्याने आपला राग आवरत नसल्याचा पुरावा स्वतःच भर चौकात दिला, त्याची पारख तेथेच झाली आहे. त्याच्या हातातून चाक काही काळ काढून घेणे म्हणजे सूड नव्हे. उद्या त्याच चौकातून शाळेत जाणाऱ्या मुलांप्रत शासनाचे ते कर्तव्य आहे.