ग्रास कटर घेताना आणि वापरताना: ऐकीव किती, खरं किती

गणपती गेले, उन्हं पडू लागली की कोकणात बागांची बेणणी निघते. कलमांखालचं, काजूतलं कमरेएवढं वाढलेलं गवत मोहराच्या आधी निघायला हवं. गडी वेळेवर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून खांद्याला अडकवायचा ग्रास कटर आता वाडीवाडीत दिसतो. यंत्राबरोबर त्याच्याविषयीच्या समजुतीही वाडीवाडीत पोचल्या. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र दोन हंगामांत यंत्र भंगारात घालवतात.

‘जितके सीसी जास्त, तितकं मशीन दणकट’

दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला जातो आणि विक्रेत्यालाही तो सोयीचा असतो. सीसी म्हणजे सिलिंडरची पोकळी, ताकद नव्हे. एकाच सीसीची दोन इंजिनं प्रत्यक्षात वेगवेगळी ताकद देतात. ताकद बघायची तर ती किलोवॉटमध्ये किंवा हॉर्सपॉवरमध्ये, आणि किती आरपीएमला मिळते तेही विचारायचं. ‘५२ सीसी’ असं ठळक छापलेल्या खोक्यावर हा आकडा नसेल तर तिथेच सावध व्हावं. सरकारी अनुदानातून यंत्र घेणार असाल तर त्याचा चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या केंद्रांत अशा यंत्रांच्या चाचण्या होतात आणि अहवालात ताकद, इंधनाचा खप, कंपनं यांची मोजमापं असतात. अनुदान मिळतं म्हणजे यंत्र आपल्या बागेला योग्य, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

घराभोवतीच्या परड्याला २५-३० सीसीचं साइड पॅक मशीन पुरून उरतं. रानमोडीसारखी झुडपं वाढलेल्या बागेला ३५ ते ४५ सीसी ठीक. त्याहून मोठं इंजिन घेतलं तर वजन आणि कंपनं वाढतात, आणि ती सोसायची असतात आपल्याच मनगटांना. रोज तासन् तास अशा कंपनांत हात राहिले तर बोटं बधिर होतात, गारठ्यात पांढरी पडतात. हा विकार वैद्यकशास्त्राला चांगला माहीत आहे आणि तो बळावला की पूर्ण बरा होत नाही. उताराच्या बागेत पाठीवरचं बॅकपॅक मशीन सोयीचं पडतं, कारण दांडा मोकळा फिरतो. पण पाय घसरला तर ते अंगावेगळं करायला वेळ लागतो. पट्टे झटकन सुटतात का, ते दुकानातच करून पाहावं.

माझं मत विचाराल तर सीसीच्या आधी एक चौकशी करावी: याचा कार्बोरेटरचा पडदा, क्लच आणि रस्सीचा स्टार्टर तालुक्याच्या बाजारात मिळतो का, आणि बसवणारा मेकॅनिक आहे का? ऐन बेणणीत पार्टसाठी आठ दिवस अडकलेलं महागडं मशीन काय कामाचं?

‘ऑइल सढळ हाताने टाकलं की इंजिन जास्त टिकतं’

टू-स्ट्रोक इंजिनात वेगळी ऑइलची टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. त्यामुळे ‘थोडं जास्त असलं तर बिघडलं कुठे’ असं वाटणं साहजिक आहे. पण बिघडतं. ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, सिलिंडरमध्ये हवेचं प्रमाण वाढतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. न जळलेल्या ऑइलचा कार्बन सायलेन्सरच्या तोंडाशी साचतो, प्लग काळा पडतो आणि मशीन दहा-दहा वेळा रस्सी ओढायला लावतं.

प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळायचं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजपंचे बाटलीच्या झाकणाने मोजू नये. खुणा असलेलं माप दहा-वीस रुपयांत मिळतं. ऑइलही २टी हवं. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल मिसळणारे महाभाग आहेत. त्यात मळी आणि धातूचा कीस असतो, त्याबद्दल आणखी काय बोलावं.

फोर-स्ट्रोकवाल्यांना हे मिसळायचं काम नाही. होंडाचं ३५.८ सीसीचं जीएक्स-३५ इंजिन कोणत्याही कोनात चालतं. त्यात जेमतेम १०० मिली ऑइल बसतं, आणि एवढ्याशा ऑइलवर सगळी भिस्त असल्यामुळे ते रोज तपासावं लागतं आणि वेळेवर बदलावं लागतं. मिश्रणाची कटकट नाही म्हणून देखभालच नाही, असं समजून कित्येक चांगली इंजिनं जाम झाली आहेत.

‘पेट्रोल काही नासत नाही’

नासतं, आणि आता पूर्वीपेक्षा लवकर. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. भाद्रपदातल्या कोकणी हवेत पाण्याला तोटा नाही. झाकण सैल असलेल्या कॅनमध्ये पुरेसं पाणी शिरलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. वर राहतं पेट्रोल आणि त्याच्यासोबत ऑइल. टाकीतला फिल्टर नळीच्या टोकाला तळाशीच लोळत असतो. म्हणजे इंजिन ओढतं ते नेमकं बिनवंगणाचं पाणी-मिश्रण. सुरुवातीला मशीन अडखळतं, मग पिस्टनवर चरे पडतात. मालक म्हणतो, कंपनीचं मशीन फसवं निघालं.

दुसरं नुकसान सावकाश होतं. कार्बोरेटरमध्ये रबरासारखा पातळ पडदा असतो आणि तोच पंपाचं काम करतो. पेट्रोल आत राहून उडून गेलं की मागे चिकट थर उरतो आणि हा पडदा ताठरतो. हंगामानंतर सहा-आठ महिने टाकी भरलेली ठेवली तर पुढच्या भाद्रपदात मशीन चालू होत नाही, यात आश्चर्य काही नाही.

म्हणून मिश्रण दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करावं. काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. लांब मुदतीसाठी ठेवायचं असेल तर प्लग काढून छिद्रात चार थेंब २टी ऑइल सोडावं, रस्सी दोन-तीनदा हळू ओढावी आणि प्लग परत लावावा.

‘गार्ड अडचणीचं, काढून टाकावं’

गवत गार्डमध्ये अडकतं, हे खरं. म्हणून मशीन घरी आल्याबरोबर गार्ड माळ्यावर जातं. पण गार्डच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते कशासाठी? फिरणारी नायलॉन दोरी ठरावीक लांबीपेक्षा वाढली की ते तिला छाटतं. गार्ड नसलं की दोरी वाढत जाते, इंजिनवर भार येतो आणि वेग उतरतो. वेगाच्या जोरावर पकडणारा क्लच मग घसरू लागतो आणि जळतो. ‘क्लच वरचेवर जातो’ म्हणून येणाऱ्या मशीनवर गार्ड आहे का, हे आधी पाहावं. दगड नडगीवर येतो, डोळ्यात जातो, ते वेगळंच. दोरीसुद्धा जांभ्याचे खडे गोळीसारखे उडवते, त्यामुळे माणसं आणि गुरं निदान १५ मीटर लांब हवीत. चष्मा, कानात बोळे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हवेतच.

दोरीबद्दल आणखी एक. जाड दोरी फिरवायला जास्त ताकद लागते. छोट्या मशीनला २ ते २.४ मिलिमीटर पुरे, तीस-पस्तीस सीसीच्या वरच्यांना २.७ ते ३. नायलॉन वाळलं की कडक होतं आणि तुटकं होतं. उन्हात राहिलेलं रीळ रात्रभर पाण्यात भिजत ठेवलं तर दोरी पुन्हा लवचिक होते. ही युक्ती मात्र ऐकीव असूनही खरी आहे.

‘दोरीने झाडाला काही होत नाही’

या यंत्राचा जन्म झाला तो झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत काढण्यासाठीच. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी गाडी धुणाऱ्या यंत्राचे फिरते नायलॉनचे ब्रश पाहिले आणि पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून मासेमारीची दोरी ओवली. त्यांच्या अंगणात जुनी, जाड सालीची झाडं होती. आपलं दोन-तीन वर्षांचं कलम तसं नसतं. त्याची साल पातळ. दोरी चार-पाच वेळा घासली की साल निघते, आणि बुंध्याला गोल फिरून साल गेली तर पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचायचं थांबतं. कलम लगेच मरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत वाळू लागतं आणि दोष खताला दिला जातो. मोठ्या झाडाच्या जखमेतून आंब्यात भिरूड आणि काजूत रोठा शिरण्याची भीती असते. बुंध्यापासून हातभर अंतरावर मशीन थांबवावं आणि आळ्यातलं गवत विळ्यानेच काढावं. वेळ लागतो, पण कलम पुन्हा लावायला त्याहून जास्त लागतो.

पात्याचं तंत्र वेगळं. झुडपांना तीन दातांचं पातं लागतं, गवताला दोरी बरी. गडग्याजवळ पातं कधीच नेऊ नये. जांभ्यावर आपटलेल्या पात्याला तडा गेला असेल तर धार लावून ते पुन्हा बसवायचं नाही, फेकून द्यायचं. पात्याचा नट बहुतेक मशीनमध्ये उलट्या आट्याचा असतो. नेहमीसारखा डावीकडे जोर लावला की तो आणखी घट्ट होतो आणि मग पाना तुटतो.

बाकी देखभाल फार नाही. एअर फिल्टरचा स्पंज आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचा. गिअर हेडमध्ये साधारण पंचवीस तासांच्या कामानंतर ग्रीस भरायचं. बॅटरीवरची मशीन्स खेळणी आहेत, हाही गैरसमजच. घरापुरत्या अंगणाला ती शांत आणि पुरेशी आहेत, दोन एकर काजूला नाहीत.

तुमचं मशीन गेल्या हंगामापासून कोपऱ्यात उभं असेल तर रस्सी ओढण्याआधी टाकीचं झाकण उघडा, जुनं पेट्रोल काढून टाका आणि ताजं मिश्रण भरा. मेकॅनिककडे जायची गरज त्यानंतरही वाटली, तरच जा.