स्कूटर एंजिनाची निर्भार गती : दोष व निदान

स्कूटर उभी असताना, गिअर न्यूट्रलमध्ये व अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना एंजिन ज्या किमान स्थिर वेगाने चालू राहते, त्यास निर्भार गती म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात तिला ‘आयडलिंग’ हा शब्द रूढ आहे. ही गती बिघडली की स्क्रू फिरवून ती जमवून घेण्याकडे कल असतो. परंतु बिघाड हे पुष्कळदा दुसऱ्या दोषाचे लक्षण असते. बजाज चेतक (१९७२) यासारख्या सु. १४५ घ. सेंमी. क्षमतेच्या, दोन धावांच्या एंजिनाच्या स्कूटरवरून हे स्पष्ट होईल.

कार्य : अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर कार्ब्युरेटरातील सरकती झडप जवळजवळ मिटते. मुख्य जेटमधून इंधन खेचले जाण्याइतका हवेचा प्रवाह उरत नाही. ते लहान ‘स्लो जेट’मधून एका बारीक छिद्रावाटे येते. झडप किती उघडी राहावी हे एका स्क्रूने व मिश्रणाचे प्रमाण दुसऱ्या स्क्रूने ठरते. या वेगात जळालेले वायू सिलिंडरातून पूर्ण बाहेर पडत नाहीत. त्यामुळे ठोक्यांतील थोडी अनियमितता दोन धावांच्या एंजिनात स्वाभाविकच असते.

निदान : प्रथम स्पार्क प्लग पाहावा. त्याच्या टोकांतील फट सु. ०·६ मिमी. असावी. मंद वेगात मॅग्नेटोपासून मिळणारा विद्युत् दाब कमी असल्याने प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट व कंडेन्सर यांतील उणीव येथे लवकर प्रकट होते. प्लग काळा व ओला असल्यास मिश्रणात पेट्रोल अधिक आहे असे समजावे. चोक पूर्ण न उघडणे, हवेची जाळी तुंबणे किंवा फ्लोटची सुई नीट न बसणे ही त्याची कारणे होत.

अ‍ॅक्सिलरेटर सोडताच एंजिन बंद पडत असेल, परंतु चोक ओढल्यास चालत असेल, तर स्लो जेट तुंबलेला असण्याचा संभव असतो. त्याचे छिद्र सु. अर्धा मिमी. व्यासाचे असते. ते पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने साफ करावे. तार घातल्यास छिद्र मोठे होते.

अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही वेग सावकाश उतरत असेल, तर आधी हँडल दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. त्यामुळे वेग बदलल्यास केबल ताणलेली असते. तसे नसल्यास गॅस्केट अथवा ऑइल सील यांतून बाहेरची हवा शिरत असावी. क्लचच्या बाजूचे सील फाटल्यास गिअरचे तेल जळून पांढरट धूर येतो व तेलाची पातळी घटते.

हवेची ही गळती सर्वांत धोक्याची होय. अशा एंजिनास वंगण पेट्रोलात मिसळलेल्या सु. २% तेलाकडूनच मिळते. हवा वाढून मिश्रण विरल झाले की उष्णता वाढते आणि वंगण त्या मानाने अपुरे पडते. दट्ट्या सिलिंडरात घट्ट धरला जाऊन धावत्या स्कूटरचे मागील चाक एकाएकी जखडू शकते. स्क्रू फिरवून वेग उतरविल्यास लक्षण झाकले जाते, धोका तसाच राहतो.

जुळणी : दोष काढल्यानंतरच, एंजिन तापलेले असताना, झडपेच्या स्क्रूने वेग थोडा वाढवावा, मिश्रणाचा स्क्रू वेग सर्वाधिक व स्थिर होईल तेथे ठेवावा आणि मग झडपेच्या स्क्रूने वेग उतरवावा. मिश्रणाचा स्क्रू झडपेच्या एंजिनाकडील बाजूस असल्यास तो आत फिरविल्याने पेट्रोलाचे प्रमाण घटते. हवेच्या जाळीकडील बाजूस असल्यास वाढते. धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने हे काम उघड्यावरच करावे.

इतर प्रकार : गिअरविरहित स्कूटरमध्ये निर्भार गती फार वाढल्यास केंद्रोत्सारी क्लच पकड घेतो व उभी स्कूटर आपोआप पुढे सरकते. चार धावांच्या एंजिनात झडपांची फट कमी झाल्यानेही ही गती बिघडते. भारतात २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर नव्या स्कूटरमध्ये इंधन-अंतःक्षेपण रूढ झाले व निर्भार गतीचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेले. त्याच वर्षी चेतक हे नाव धारण करून आलेल्या विजेवरील स्कूटरमध्ये तर निर्भार गतीच नसते.