विक्रम-वेताळाची कथा आणि खुनाचा तपास

चेन्नई : बालपणी ऐकलेल्या कथांमधील पात्रे खून, तपास आणि संशयित यांच्या जगात आणून सोडण्याची पद्धत अलीकडे जगभर रूढ झाली आहे. इंग्रज लेखक जॅस्पर फोर्ड यांनी २००५ साली बालगीतातील हम्प्टी डम्प्टीच्या मृत्यूचा तपास कादंबरीत रंगविला. 'विनी द पू' हे १९२६ सालचे पुस्तक २०२२ मध्ये अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आणि पुढल्याच वर्षी ते निरागस अस्वल एका भयपटात खुनी म्हणून अवतरले. भारतात या प्रकाराचे ठळक उदाहरण चेन्नईने दिले. पुष्कर-गायत्री या दिग्दर्शक दांपत्याचा 'विक्रम वेधा' हा तमिळ चित्रपट २१ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला.

विक्रम-वेताळाचे आणि या शहराचे नाते मात्र त्याहून जुने आहे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेव्हाच्या मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेले मासिक १९५२ पासून मराठीतही 'चांदोबा' या नावाने येऊ लागले. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि भोवती स्मशानातील अंधार, हे विक्रमादित्याचे चित्र मराठी घराघरांत पोहोचले ते त्याच मासिकामुळे. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांनी सुमारे सहा दशके या मासिकासाठी चित्रे काढली. सप्टेंबर २०२० मध्ये चेन्नईतच त्यांचे निधन झाले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. मूळ कथा पंचवीसच, त्यामुळे त्या संपल्यावर संपादकांनी इतर कथा त्याच चौकटीत बसविल्या आणि मालिका वर्षानुवर्षे चालू ठेवली. पंचवीस कथांचा वेताळ कित्येक पिढ्यांना पुरला तो असा.

चित्रपटातील विक्रम (आर. माधवन) हा चकमकींसाठी प्रसिद्ध असलेला पोलीस अधिकारी आहे, तर वेधा (विजय सेतुपती) हा उत्तर चेन्नईतील गुंड. पोलीस ज्याच्या मागावर आहेत तो वेधा एके दिवशी आपल्या पायांनी ठाण्यात येतो आणि विक्रमला एक गोष्ट सांगू लागतो. गोष्टीच्या शेवटी प्रश्न असतो, विक्रम उत्तर देतो आणि वेधा निसटतो. असे तीनदा घडते. दरम्यान विक्रमचा सहकारी व मित्र सायमन याचा खून झालेला असतो. वेधाच्या धाकट्या भावाच्या मृत्यूचेही गूढ असते. प्रत्येक उत्तरासरशी विक्रम त्या गूढाच्या एक पाऊल जवळ जातो. खुनी कोण, हे येथे सांगण्याचे कारण नाही.

हा बदल कथेवर लादलेला वाटत नाही, याचे कारण मूळ ग्रंथातच सापडते. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त या पंचवीस कथा गुंफल्या. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली आली. या कथांची चौकटच खुनाच्या कटाची आहे. राजाला फळांतून रत्ने देणारा भिक्षू प्रत्यक्षात त्याचा बळी देऊ पाहत असतो आणि हे त्याला कळते ते वेताळाकडून. वेताळाचे अनेक प्रश्नही दोषनिश्चितीचेच आहेत. एका कथेत घारीने पकडलेल्या सर्पाचे विष दानाच्या अन्नात पडते आणि ते खाणारा ब्राह्मण मरतो. दोषी कोण? सर्प विवश होता, घारीने आपले भक्ष्य नेले, दात्याला काही ठाऊक नव्हते. विचार न करता यांच्यापैकी कोणालाही दोष देईल तोच दोषी, असे राजाचे उत्तर आहे. पहिल्याच कथेत पद्मावतीवर खोटा आळ येऊन तिला हद्दपार केले जाते आणि तिचे आईवडील शोकाने प्राण सोडतात. त्याचे पाप पुरती चौकशी न करणाऱ्या राजाच्या माथी येते. चकमकीत माणूस मारून मग कागदपत्रे रचणाऱ्या पोलिसाला विचारण्यासाठी याहून नेमका प्रश्न नव्याने शोधावा लागला नसता.

अस्वलाला खुनी बनविणाऱ्या भयपटात आणि या चित्रपटात फरक आहे तो इथे. तिकडे ओळखीच्या नावाचा धक्का तेवढा विकला गेला, इकडे कथेचे इंजिनच वापरले गेले. दूरदर्शनवरील १९८५ सालची 'विक्रम और बेताल' ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना चित्रपटाच्या आरंभीची सचेतन चित्रे पाहूनच खूण पटली असेल. याच दिग्दर्शकांनी २०२२ साली हृतिक रोशन व सैफ अली खान यांना घेऊन त्याची हिंदी आवृत्तीही केली.

मराठीतही २०१७ मध्येच भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे 'फास्टर फेणे' चित्रपटातून तरुण होऊन पुण्यात आला. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी आलेल्या बनेशला एका विद्यार्थ्याची आत्महत्या खरोखर आत्महत्याच आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो. अर्थात, फेणे मुळातच संकटांत उडी घेणारा असल्याने त्याचे स्थित्यंतर तुलनेने सोपे होते.

जुन्या कथेत वेताळाच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राजाला येत नाही आणि तो प्रथमच गप्प राहतो. 'विक्रम वेधा'च्या शेवटीही दोघे एकमेकांवर पिस्तुले रोखून उभे असतात आणि प्रश्न तसाच राहतो.